कचऱ्याच्या ढिगापाशी तीन खाती

बंगळूरच्या येलहंक्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्नीला कुत्रा चावला. लस मिळाली, पण भीतीने ती घराबाहेर पडेना. मी संतापून आरोग्य, पशुवैद्यकीय आणि स्वच्छता या तिन्ही खात्यांना मिळून एकच तक्रार धाडली. कुणी हलले नाही. चौकशीअंती उमगले, की प्रत्येकाने इतर दोघांची नावे वाचून काम त्यांच्यावर सोडले होते.

मग कायद्याची कलमे नमूद करून मी तिघांना स्वतंत्र पत्रे लिहिली आणि एकाच सकाळी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगापाशी बोलावले. तिघे आले आणि एकमेकांना पाहून चकित झाले.

“कुत्री इथेच का जमतात?” आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“कोंबडीच्या दुकानातली घाण रोज इथे पडते,” स्वच्छता अधिकारी म्हणाले.

“अहो, मग आम्ही लस टोचायला तळ्याकाठी कुत्री कशाला शोधतोय?” पशुवैद्य उसळले.

मी भांडायला सज्ज होतो, पण त्यांचे परस्परांना विचारणे इतके नवलाचे होते, की कलमे राहूनच गेली. अखेर मी तोंड उघडले, तोच मागून आवाज आला, “अहो, स्वल्प थांबा, जरा त्यांना बोलू द्या की!”

वळून पाहिले, तर पत्नी चपला घालून भर गल्लीत उभी होती.