इंजिन थंड होईपर्यंत

घरून पहाटेच निघालो होतो. पुण्यात वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी मला त्यांना भेटायचं होतं. शिरवळजवळ गाडीचा काटा लाल रेषेवर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेऊन मी घाईनं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तोच शेजारच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझं मनगट धरलं.

"आवं, तोंड भाजंल! आधी थंड हुं द्या."

आणि तो चक्क उकिडवा बसून राहिला. मी येरझारा घालत होतो, घड्याळ बघत होतो, भावाला फोन लावत होतो. तो मधूनच उठून बॉनेटला तळहात लावायचा, मान हलवायचा आणि पुन्हा बसायचा. अर्ध्या तासानं त्यानं पाणी भरलं, इंजिन चालू केलं आणि बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"पंखाच फिरत न्हाई."

पंख्याची वायर उंदरानं कुरतडली होती. ती त्यानं जोडली, तसा पंखा घरघरला.

"लय घाईत हायसा. कुठं निघालाय?" हात पँटीला पुसत त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर गाडी लवकर झाली असती?"

"न्हाई. पर तुमच्यासंगं बोलत बसलो असतो."

पुण्यात वेळेवर पोचलो. वडिलांना आत नेईपर्यंत त्यांचा हात धरून काहीबाही बोलत बसलो.