खोटं बोललं तर काय होतं?

"खोटं बोललं तर काय होतं, बाळ?"

न्यायाधीशांनी विचारलं. मी दहा वर्षांची. पिंजऱ्यात उभी, नाक जेमतेम कठड्याच्या वर. लहान पोराची साक्ष घेण्याआधी हा प्रश्न विचारतात, खरंखोटं कळतं का ते बघायला. उत्तर ठरलेलं असतं. देव शिक्षा करतो, पाप लागतं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात देवाची भीती कुणी घातलीच नव्हती. बाबा ज्याच्या नारळाच्या वाडीत राबायचे, त्या वाडीवाल्यानं त्यांना माझ्यासमोर फावड्याच्या दांड्यानं मारलं होतं. का? तर त्याच्या पंपावर तोंड धुतलं म्हणून. बाबांचा उजवा हात कायमचा गेला. पोलिसांना तो म्हणाला, "माडावरून पडला." मी ऐकत होते. त्याला कुठं काय झालं?

मी खरं तेच सांगितलं. "काय न्हाय व्हत."

वाडीवाल्याचा वकील पोट धरून हसला. "घ्या साहेब! देव नाही, पाप नाही. हिच्या शब्दावर माणूस आत टाकायचा?" कारकून हसला, पट्टेवाला हसला. आई दाराबाहेर बसवलेली. माझा फ्रॉक ओला झाला, तेही सगळ्यांनी बघितलं. माझी साक्ष धरलीच नाही. वाडीवाला सुटला आणि मेल्यानं आमच्या दारात पेढे पाठवले. आईनं ते गटारात फेकले.

ते हसू मी विसरले नाही. विसरायचंच नव्हतं मला.

आता साक्षीला येणाऱ्या मुलांसोबत मी कोर्टात बसते. हेच माझं काम. आदल्या दिवशी त्यांना रिकामं कोर्ट दाखवते, पिंजऱ्यात चढवते, कोण कुठं बसतं ते सांगते. उत्तर मात्र एकही शिकवत नाही. पढवलेली साक्ष ठरली की खेळ खलास.

गेल्या महिन्यात दिवेआगरकडची आठ वर्षांची पोर होती. काकानं आईचं डोकं फोडलेलं तिनं पाहिलं होतं. काकाचा वकील तोच. केस पिकलेले, दात तेच.

न्यायाधीश मॅडमनी तोच प्रश्न विचारला. पोर माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला, तोंड उघडलं नाही. ती पुटपुटली, "म्हाईत न्हाय."

वकील हसला.

मी उभी राहिले. "मॅडम, हे साक्षीदाराला हसतायत. याची नोंद घ्या."

मॅडमनी त्याला उभं केलं, झापलं, नोंद लिहून घेतली. मग पोरीला विचारलं, "तू इथं काय सांगायला आलीस?"

"म्या बघितला त्ये."

साक्ष सुरू झाली. पोर सगळं बोलली.

बाहेर व्हरांड्यात वकिलानं मला गाठलं. "मॅडम, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

"पाहिलंत कुठं? हसला होतात."

त्याला आठवलं नाही. आठवेल. त्याच्या ज्या ज्या केसमध्ये साक्षीला मूल असेल तिथं मी बसणार आहे, अगदी समोर. त्यानं दात दाखवले की मी उभी राहणार. वकिली सोडेपर्यंत त्याला कोर्टात हसू देणार नाही.