घटकाभर आडवा

महादेवी बिराजदारला नांदेडच्या एका रुग्णालयात सगळे 'दगड सिस्टर' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागं. किडनी बदललेल्या पेशंटांच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली, पण बाईच्या डोळ्याला पाणी आलेलं कुणी पाहिलं नाही. नवीन पोरी रडायला लागल्या की मेट्रन सांगायची, "जीव गुंतवू नका." सांगायला काय जातं? लातुरात हल्ली सगळ्याचे क्लास निघालेत. जीव न गुंतवता मरणाऱ्याच्या पाठीवरून हात कसा फिरवायचा, त्याचा तेवढा निघायचा राहिलाय.

दगड म्हणणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की ही औशाकडच्या भूकंपात गेलेल्या गावची. त्र्याण्णव साली ती दहा वर्षांची होती. आई नागुबाई ढिगाऱ्याखालून निघाली ती गेलेलीच. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात, कपाळी विभूती लावतात आणि बसलेलंच पुरतात. पण तेव्हा आभाळच फाटलं होतं, ठिगळ कुठं कुठं लावणार? पाऊस, चिखल, प्रेतांच्या रांगा. नागुबाईला चारचौघांबरोबर आडवंच ठेवलं आणि वर रॉकेल ओतलं. बाप मलप्पा मरेपर्यंत एकच बोलत राहिला, "तुज्या आईला बसवायचं राहिलं गं."

अशा बाईच्या वॉर्डात श्रीशैल आला. लातूरच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा, वय चौतीस, लग्नाचं अजून बघू-बघू चाललेलं. आई शरणम्मा निलंग्याकडची, विधवा. तिनं आपली किडनी लेकाला दिली. पहिले पंधरा दिवस छान गेले. पोरं फोनवर शंका विचारायची आणि हा तोंडावरचा मास्क खाली ओढून समजावत बसायचा. महादेवी दटावायची, "सर, निकाल पोरांचा लागणाराय, तुमचा नाही." मग ताप आला. शरीरानं आईची किडनी नाकारली, जंतुसंसर्ग फुप्फुसात उतरला, पाणी साठलं. डायलिसिसला घेतलं की बीपी कोसळायचं. शेवटी डॉक्टरांनी महादेवीला बाजूला घेऊन सांगितलं, आता हातात काही उरलं नाही, श्वास त्यातल्या त्यात सुखाचा राहील एवढं बघा.

श्वास सुखाचा राहायचा तर माणूस बसता ठेवावा लागतो. आडवा झाला की पाण्यानं जीव घुसमटतो. म्हणून तिनं पलंगाची पाठ उभी केली, मागं आणि दोन्ही कुशींना उशा लावल्या. सकाळीच शरणम्मानं लेकाच्या कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले होते. दुपारी ती जेवून परत आली आणि त्याला तसा पाहून दारातच मटकन खाली बसली. तिला वाटलं, गेला.

दुसरी कुणी सिस्टर असती तर मावशी, घाबरू नका, एवढं म्हणून मोकळी झाली असती. महादेवीला मात्र त्या बाईनं काय पाहिलं ते न सांगता कळलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिनं शरणम्माला उठवलं आणि तिचा हात श्रीशैलच्या छातीवर नेऊन ठेवला.

"अव्वा, श्वास चालू हाय."

"मग जित्या माणसाला असं कामून बसवलंस? तू आमच्यातली हायेस न्हं? आडवं कर त्याला."

"आडवं केलं तर जीव जाईल, अव्वा."

सहा दिवस हेच चाललं. शरणम्मा औषधाचं विचारायची नाही, रिपोर्टचं विचारायची नाही. सकाळ-संध्याकाळ एकच, "घटकाभर आडवा करतीस का?" चौथ्या दिवशी श्रीशैलच मास्कच्या आतून म्हणाला, "सिस्टर, जरा पाठ टेकू द्या. लई झोप यायलीय." तिनं पलंग चार बोटं खाली केला. त्याचे ओठ निळे पडायला लागले, तसा पुन्हा वर घेतला. "राहू द्या," तो म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. महादेवी औषधांच्या खोलीत गेली, दार लावलं आणि रडायचा प्रयत्न केला. रडू येईना. स्वतःचाच संताप आला. मरणाऱ्याला झोपसुद्धा देता येईना, आणि ह्याला म्हणे सेवा.

सहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास श्वास थांबला. वॉर्डबॉय पलंग खाली करायला आला, तसा महादेवीनं त्याचा हात धरला. कागद व्हायला दोन तास, गाडी निलंग्याला पोचायला आणखी चार. तोवर अंगाचं लाकूड होणार, आणि आडव्या गेलेल्या माणसाला गावात बसवताना काय करावं लागतं ते तिनं पाहिलं होतं. ती श्रीशैलचे गुडघे दुमडायला लागली. आईचं राहिलं, निदान ह्याचं राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

"थांब," शरणम्मा म्हणाली. "सहा दिस बसलाय माजा लेक. आता तरी घटकाभर आडवा पडू दे. आता काय हुणार हाय त्याला?"

महादेवीनं पलंग खाली केला, एकेक उशी काढली. शरणम्मानं लेकाचे पाय सरळ केले, पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि थोपटत बसली. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. वॉर्डबॉय दारात येऊन परत गेला. सांगायचं महादेवीवरच आलं.

"अव्वा, आता बसवायला पाहिजे. नंतर व्हायचं न्हाई."

शरणम्मा उठली, पदर खोचला आणि लेकाच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. किडनी दिलेल्या बाईनं इतक्यात वजन उचलायचं नाही, हे तिला महादेवीनंच बजावलं होतं. आता महादेवीला ते म्हणवेना. तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि दोघींनी मिळून त्याला उठवलं.

"डावा पाय वर घे गं," शरणम्मा म्हणाली. "डाव्याला लगेच मुंग्या येतात त्याच्या."