पांढरी नवरी

आमचं घर पांढुर्ण्याच्या स्टेशनामागं होतं आणि माझं वाटोळं गाड्यांनी केलं, असं आई म्हणायची. शिट्टी झाली की मी हातातलं टाकून दारात. तव्यावर पोळी करपो, नाहीतर नळाचं पाणी जावो, मला पर्वा नव्हती. नागपूरकडं जाणारी गाडी असली तर शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची. इटारसीकडची असली तर तोंड वाकडं करून आत यायची. "हिच्या पायाले भिंगरी लागली बाप्पा," आई म्हणायची. "हिले कोणी बांधून ठेवा."

नागपूरला मामा राहायचा. त्याच्या घराजवळ शिवणकामाचा वर्षभराचा कोर्स होता आणि मला तो करायचा होता. मॅट्रिक झाल्यापासून मी दुसरं काही बोलतच नव्हते. बाबा रेल्वेत गँगमन, दिवसभर तिगावच्या बाजूला रुळांवर उन्हात वाकलेले असायचे. संध्याकाळी घरी आले की मी पाण्याच्या तांब्यासोबतच विषय काढायची. ते पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "जवान पोट्टी दुसऱ्याच्या घरी वर्षभर? चाल, भाकर वाढ." मला इतका राग यायचा की भाकर वाढताना ताट आपटायची. मग आई माझ्यावर आणि मी आईवर. असं रोज.

शिवणाचं वेड कुठून लागलं सांगते. आम्ही बौद्ध, आमच्या घरी अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, काही नसायचं. पण मोहल्ल्यातल्या पोरी अखाजीला बाहुला-बाहुलीचं लग्न लावायच्या, वरात काढायच्या, चिंचोक्यांच्या पंगती बसवायच्या. नवरीचे कपडे शिवायला मलाच बोलवायच्या, कारण माझी तुरपाई बारीक होती. त्या देतील ते कापड मी शिवायची. मग चौकातल्या टेलरच्या मशीनखालची कातरण आणायला लागले. मशीन माझ्याकडं नव्हती, सगळं हातशिलाईनं. परकर, पोलकी, बाहुल्याचे कुर्ते, बोटभर फेटे. पांढुर्ण्याच्या बाजारात एक-दोनदा मांडले आणि ते खपलेही. पण घेणाऱ्या सगळ्या ओळखीच्याच.

तेच बाबांनी पकडलं. त्या वर्षी अखाजीच्या आधी सौसरला शाळेच्या मैदानावर बायांच्या हातकामाची प्रदर्शनी लागणार होती. बाबा तंबाखू मळत म्हणाले, "ओळखीत कोणीही घेते. सौसरले नेय तुहे कपडे. तिथी लोकं घेते का पाहू. डब्यातली एक चिंधी परत आली नाही पायजे. सगळं खपलं तर नागपूर. नाही तर गुमान आईसंग संत्र्याच्या पेट्या भराले चाल."

"सगळं?"

"सगळं. मंग मी तोंड उघडणार नाही."

बाबा शब्दाचे पक्के, हे मला माहीत होतं. मी त्या दिवसापासून जेवायला थांबायची तेवढीच, बाकी सुई. बोटं सोलली. त्या सगळ्यात माझा जीव एका जोडावर होता. आदल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं होतं. आमच्यात नवरी पांढरं नेसते. ताईच्या लग्नाच्या पोलक्याचं कापड उरलं होतं, पांढरं, त्यात सोनेरी बुट्टी. ते मी बाहुलीच्या नवरीसाठी वर्षभर पेटीत जपून ठेवलं होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचं मी बाहुलीचं लुगडं केलं, काठाला जरीची किनार लावली, तसंच पोलकं, आणि कापसाची एक बाहुली करून तिला नेसवलं. मी पाहिलेली सगळ्यात सुंदर नवरी म्हणजे ताई, आणि ताई पांढऱ्यात होती. यात काही चुकेल असं माझ्या मनातही आलं नाही.

ताई तेव्हा माहेरी आलेली होती. तीच माझ्यासोबत सौसरला आली. बसमध्ये मी दर थोड्या वेळानं डबा उघडून पाहत होते, तिनं शेवटी डबा ओढून आपल्या मांडीवर घेतला. "त्याले पाय नाही फुटले," ती म्हणाली. "तुले फुटले आहे."

मैदानात कनात लावली होती. पापडवाल्या, लोणच्यावाल्या, क्रोशाचे रुमाल, मोत्यांची तोरणं. आमच्या बाजूला एक बांगड्यावाली बसली होती, तोंडाळ पण मायाळू. आम्ही दोरी बांधून कपडे टांगले आणि मधोमध, सगळ्यात पुढं, पांढरी नवरी बसवली.

बाया यायच्या, हसत यायच्या. "अवं माय, केवढुसं पोलकं!" असं म्हणत वाकायच्या. आणि मग नवरीवर नजर गेली की कोणीतरी मागं ओढल्यासारख्या सरळ व्हायच्या. एक-दोघी तशाच पुढं गेल्या. एकीनं आपल्या पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "चाल, तिकडं पाहू." मला कळेना. दुपारपर्यंत काही फेटे आणि कुर्ते गेले, पण दोरी भरलेलीच. मी बसत होते, उठत होते, कपडे उगाच इकडचे तिकडं करत होते. एखादी बाई नुसती थबकली तरी मी पुढं सरकायची.

मग एक शेतकऱ्याच्या घरची सून आली, गळ्यात भरपूर सोनं, बोटाला धरलेली पोरगी. मागं तिची सासू. सासूच्या अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हात मोकळे. पोरगी धावत आली, तिनं नवरी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पाय नं आई, हे तं आजीसारखी नेसली!"

सुनेनं तिच्या हातावर चापट मारली. बाहुली खाली पडली. "अखाजीच्या तोंडावर असं कायले ठेवता वं?" ती आम्हाला म्हणाली. "पांढऱ्यात कुठी नवरी असते? अपशकुनी!" म्हातारीनं मान खाली घातली. तिनं पदर नीट केला. सून पोरीला ओढत घेऊन गेली, म्हातारी त्यांच्या मागं.

आता सगळं लख्ख कळलं. मी ताईकडं पाहायचं टाळलं. बांगड्यावाली सरकून जवळ आली. "पोरी, नाराज नको होऊ. माहं ऐक. हळदीच्या पाण्यात बुडव ते. उन्हात धरलं का वाळलं. पिवळं लुगडं झालं का पाय कशा तुटून पडते बाया."

मला एकदम पंख फुटले. हे मला सुचलं काहून नाही! मी धावत सुटले, मैदानाबाहेरच्या किराण्यातून हळदीची पुडी आणली, पाणपोईवरून गिलासभर पाणी आणलं, त्यात हळद कालवली. पाणी सांडवत परत आले तर ताईनं बाहुली मांडीवर घेतलेली. पडल्यामुळं लागलेली माती ती पदरानं पुसत होती.

"दे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ताई रागावणाऱ्यातली नव्हती, आमच्या घरचा सगळा राग माझ्याच वाट्याला आला होता. ती सावकाश म्हणाली, "घे. बुडव. घरी गेल्यावर माहं लुगडंही देतो, तेही बुडव."

मी तिथंच उभी. डोळ्यांसमोर नागपूरची गाडी आणि हातात ती हळद. मला ताईचा भयंकर राग आला, त्या सुनेचा आला, बाबांच्या अटीचा आला. एवढासा कपडा, कोणाचं काय जात होतं? पण माझा हातच पुढं होईना. शेवटी मी ते पाणी कनातीच्या खुंटाशी ओतून दिलं आणि गिलास आपटला. बांगड्यावाली म्हणाली, "दोघीही बयाड आहे, पुऱ्या येड्या." ताईनं बाहुली परत मधोमध बसवली.

आणि मग, काय सांगू, बाकीचं खपायला लागलं. ऊन उतरलं तशी गर्दी वाढली, मोहगाव आणि बोरगावच्या बैलगाड्या आल्या, पोरींनी हट्ट धरले. नवरीकडं न पाहता बाया बाजूचं उचलत होत्या. दोरी हळूहळू मोकळी झाली. दुकानं आवरायची वेळ आली तेव्हा फक्त ती एक उरली होती. एक चिंधी. बाबांनी सगळं म्हटलं होतं. मी तिच्याकडं पाहून अक्षरशः दात-ओठ खाल्ले, मला रडू फुटत होतं.

"ते नवरी आहे का अजून?"

मी मान वर केली. तीच म्हातारी. एकटीच होती. "पाणी प्यायले चालली म्हणून सांगून आली," ती म्हणाली आणि मागं वळून पाहिलं. मग खाली उकिडवी बसली. "हे खरंच नवरी होय?"

"हाव आजी," ताई म्हणाली. "आमच्यात पांढऱ्यातच लगन होते. मी पांढऱ्यातच होती."

म्हातारीनं ताईचं कपाळ पाहिलं, हातातल्या बांगड्या पाहिल्या. "आणि नवरा?"

"हाय नं. कामावर हाय."

"तुले पांढरं नेसवलं तवा कोणी रडलं नाही?"

ताईनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. "नाही आजी," ती म्हणाली. "हसून राहिले होते सगळे. फोटो काढून राहिले होते."

म्हातारीनं बोटानं लुगड्याची जरीची किनार चाचपली. उलटसुलट करून पाहिली. तुरपाईवरून अंगठा फिरवला. "मले नेसवलं तवा मी बाहुल्याच खेळत होती," ती म्हणाली. "सासर पाहिलंही नव्हतं. निरोप आला का तो गेला. आईनं बांगड्या फोडल्या आणि माही बाहुली घेऊन घेतली. असल्या पोरीनं लगन लावू नाही म्हणे. बाहुलीचंही नाही." हे ती रडत सांगत नव्हती, बाजारातला भाव सांगावा तशी सांगत होती. मी एवढी वळवळी, पण त्या वेळी माझं बोटसुद्धा हललं नाही.

"घेऊन जा आजी," ताई म्हणाली. "तशीच घेऊन जा."

"फुकट नको. इकत पायजे मले." तिनं पदराची गाठ सोडली. "बाहुली राहू दे. बाहुली घरात दिसते. लुगडं दिसत नाही."

मी नवरीचे कपडे उतरवले. पोलक्याचं हूक निघेना. तिनं त्या इवल्याशा लुगड्याची चौपदरी घडी घातली, त्यात पोलकं ठेवलं आणि कमरेच्या चंचीत, सुपारीच्या खाली, दाबून बसवलं. उठताना ताईच्या गालाला हात लावला. मग गर्दीत सून "आत्याबाई, वो आत्याबाई" करून हाका मारत होती तिकडं भराभर चालत गेली.

बसमध्ये मी डबा एकदाही उघडला नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा नुकतेच हातपाय धुऊन बसले होते. त्यांनी डबा घेतला, झाकण काढलं. आत फक्त कापसाची उघडी बाहुली. त्यांनी ती बाहेर काढली, डब्याच्या तळाशी हात फिरवला. "पांढरंही गेलं?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, ते मला तेव्हा समजलं. सौसरच्या बाजारात पांढरी नवरी कोणी घेणार नाही, हे धरूनच त्यांनी अट घातली होती. "कोणं घेतलं?"

"एका म्हातारीनं."

"नातीसाठी?"

"नाही. तिलेच पायजे होतं."

बाबा हसले. ताई हसली नाही, मीही नाही, तेव्हा ते थांबले. बाहुली त्यांच्या हातातच होती. "आपल्यातली होती का?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "हाव."

"काय ते एक सांग नं."

"हाव बाबा. आपल्यातलीच होती."

त्यांनी ताईकडं पाहिलं. ताईनं होकाराची मान हलवली. मग त्यांनी बाहुली डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "मामाले निरोप धाडतो," ते म्हणाले. "जून लागला का जाय."

तेवढ्यात शिट्टी झाली. नागपूरची गाडी. आई चुलीपासून ओरडली, "अवं, तुही गाडी आली नं! आज काहून उठली नाही?"

मला उठावंसं वाटलं नाही. मी ताईच्या बाजूला, डबा मांडीवर घेऊन, बसूनच राहिले.