वाढवली म्हणजे काय

"हात ढिल्ला सोड, माय. हा हात आता माहा आहे."

बांगड्या भरण्याआधी ती हे म्हणायचीच. समोर काल सासरी आलेली पोरगी असो, नाहीतर माझ्यासारखी खडबडीत हाताची भाजीवाली. पाची बोटं एकत्र धरायची, अंगठा आत मुडपायची, तळहाताच्या हाडावर नेमक्या जागी दाब द्यायची, आणि बांगडी मनगटावर आलेली असायची. तुम्हीही कुणाकडून भरून घेतल्या असतील. हात सगळ्यांपुढे ढिला पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

कारंज्याच्या आठवडी बाजारात तिची जागा माझ्या जागेला लागून होती. माझी भाजी, तिच्या बांगड्या, मधे एक फाटकं पोतं. ती मला बाई म्हणायची, मी तिला पोरी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. बाजारातही ते कोणी घेत नव्हतं.

तिच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. हे आपण सगळ्याच बाया पाळतो, पण ती फारच पाळायची. दिवा विझवला म्हणायची नाही, वाढवला. संध्याकाळी दुकान बंद केलं नाही, वाढवलं. एकदा नागपूरची एसटी रस्त्यात बंद पडली तर ही मला सांगते, "बाई, गाडी वाढली." मी म्हटलं, "लांबीनं का रुंदीनं?" तेव्हा ती खूप हसली. पण बंद हा शब्द तोंडातून काढला नाहीच.

नव्वदनंतरची चारपाच वर्षं गेली असतील, तेव्हा तिला चालताना धाप लागायला लागली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झालेली. नागपूरच्या दवाखान्यात छाती उघडून धातूची झडप बसवली. पावसाळा सरल्यावर ती परत बाजारात आली तेव्हा तिच्या छातीतून घड्याळासारखा आवाज यायचा. टिक, टिक. तोंड उघडलं की जास्तच ऐकू यायचा. बाया मुद्दाम म्हणायच्या, "आ कर वो, ऐकू दे." ती आ करायची. तिचा नवरा सायकलवर पेटी बांधून खेड्यापाड्यात बांगड्या विकायचा. तो म्हणायचा, "बाई, आमच्या घरात आता भिंतीवर घड्याळ नाई लागत. पण हे झोपूही नाई देत."

हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचं ती कोणाला सांगायची नाही, मला सांगायची, कारण मी चुकचुक करत नसे.

झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज, जन्मभर. दर महिन्याला नागपूरला जाऊन रक्त दाखवायचं, आणि डॉक्टर गोळी थोडी वाढवणार नाहीतर थोडी कमी करणार. दात घासले की हिरड्यांतून रक्त. दाराची कडी लागली की हातावर जांभळासारखा डाग, तो आठवडाभर जायचा नाही. पाळी आली की अंथरुणातून उठवायचं नाही. कोणा कंपाउंडरनं तिला सांगितलं की हे औषध उंदीर मारायलाही वापरतात. त्यावर ती म्हणाली, "आमच्या घरी एकच उंदीर हाये बाई, तो मीच. मरतही नाई."

दुसरी गोळी लघवीची. ती घेतली की तासातासाला उठावं लागे. बाजारात बायांना जायला जागा कुठे? म्हणून बाजाराच्या दिवशी ती गोळी सकाळी न घेता घरी गेल्यावर घ्यायची आणि रात्रभर उठबस करायची. सकाळी डोळे सुजलेले. थंडीत छातीचं हाड दुखायचं. जड पेटी उचलायची नाही, म्हणून पेटी मी उचलायची.

हिरव्या भाज्यांचंही होतं. डॉक्टर म्हणाला, पालेभाजी एका मापात खा. आज ढीगभर, उद्या काहीच नाही, असं केलं की गोळीचा हिशेब बिघडतो. ही बसलेली भाजीवालीच्या शेजारी. आंबाडी दिसली की हिचा जीव जायचा. "एक जुडी दे ना वो बाई." मी द्यायची नाही. मूठभर मोजून द्यायची. "तू भाजी विकतेस का सोनं?" असा टोमणा मारून ती तेवढीच पदरात बांधायची.

पण खरी पंचाईत काचेची होती. बांगड्या भरताना एखादी वाढणारच, आणि भरणाऱ्याच्या बोटाला लागणारच. आधी ती बोट तोंडात घालायची, संपलं. आता रक्त थांबायचंच नाही. तिनं तुरटीचा खडा जवळ ठेवला. बोटांना चिकटपट्ट्या लावून पाहिल्या, पण पट्टीमुळे समोरचीचं हाड बोटाला कळेना, दोन बायांना दुखलं. तिनं पट्ट्या काढून फेकल्या. म्हणाली, "आंधळ्यानं सुई ओवावी असं होऊन राह्यलं."

एका वर्षी पोळ्याच्या आधीचा बाजार होता. गर्दी होती, कारण पोळ्यानंतर लगेच महालक्ष्म्या, आणि त्या घरच्या बायांना हिरव्या बांगड्या लागतातच. एका नव्या नवरीच्या हातात ती चुडा भरत होती. एक बांगडी वाढली आणि हिच्या अंगठ्यात घुसली. तुरटी लावली, चिंधी बांधली, चिंधीतून रक्त आलं. ते नवरीच्या हिरव्या बांगड्यांवर सांडलं. नवरीची सासू उठली. म्हणाली, "हिरव्या चुड्यावर रक्त! बाई, काढ त्या. माह्या सुनेच्या हातात असा अपशकुन नाई पायजे." तिच्या मागे बसलेल्या बायाही एकेक करून उठल्या आणि पलीकडच्या दुकानात गेल्या. ही चिंधी धरून बसून राहिली. वर्षाचे दोनच मोठे हंगाम, लग्नसराई आणि हा.

पुढच्या बाजाराला मी विचारलं, "पोरी, गोळीचं काय?"

"वाढवली, बाई."

मला वाटलं, नागपूरला जाऊन आली, डॉक्टरनं वाढवून दिली. महिन्याला कमीजास्त होतच होतं. नवऱ्यालाही तिनं तेच सांगितलं, त्यालाही तेच वाटलं.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सणाचा जादा बाजार भरला, दुपारी गिऱ्हाईक थोडं ओसरलं. मी म्हटलं, माझ्याही हातात दोन घाल. ती पोत्याच्या या बाजूला आली. हात हातात घेतला. "ढिल्ला सोड, बाई," म्हणाली आणि मधेच थांबून श्वास घेतला. दोन शब्दांना दोन श्वास. ओठ मला निळसर दिसले. मग माझ्या ध्यानात आलं की तिचं डोकं माझ्या कानापासून एका वितीवर आहे आणि मला काही ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "आ कर."

"काय वो आता..."

"आ कर म्हटलं ना."

तिनं आ केला. आत कुठंतरी दबका आवाज होता, ओल्या कपड्यावर काठी मारल्यासारखा. टिक नव्हती.

मी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. एकही डाग नव्हता. कोपरापर्यंत साफ. इतकी वर्षं तिचे हात मी असे पाहिले नव्हते.

"गोळी वाढवली म्हणतेस, मग डाग काऊन गेले?"

"तेच तं. पोळ्यापासून वाढवली, तवापासून हात साफ. रक्तही नाई निघत." ती हसायला गेली आणि तिला खोकला आला.

तेव्हा मला कळलं.

"बंद केली तू गोळी?"

"असं नको म्हणू वो, बाई. सणाच्या तोंडावर. सण झाला का पुन्हा घेईन."

मी माझी भाजी तशीच सोडली. तिचा नवरा कोणत्या खेड्यात होता कोणाला माहीत. गावातल्या डॉक्टरचा दवाखाना दुपारचा बंद, आणि तो असता तरी नागपूरलाच पाठवणार होता. तिला धरून हमरस्त्याच्या ढाब्यापर्यंत आणलं. पंधरा पावलांत तिला तीनदा बसवावं लागलं. एसटी नुकतीच गेली होती. कांद्याचा एक ट्रक नागपूरकडे निघत होता. ड्रायव्हरला मी म्हटलं, "इसको दिल का है, जल्दी पहुंचाओ." त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि दार उघडलं. "चढ़ाओ, चाची. बीच में बिठाओ."

ट्रकच्या इंजिनाचा एवढा आवाज की छातीतलं काही ऐकू येईना. मी तिच्या छातीवर हात ठेवला, पण तिथं सगळंच थरथरत होतं, ट्रक कोणता आणि ती कोणती काही कळेना. कोंढाळी गेली. ती आडवी होईना, आडवी झाली की तिचा श्वास अडकायचा. माझ्या कानाशी तोंड आणून तिनं विचारलं, "वाजते का वो?"

"वाजते," मी म्हटलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. छातीला नळी लावली, चेहरा बदलला. पहिला प्रश्न गोळीचाच.

"वाढवली," ती म्हणाली.

"वाढवली? कोणी सांगितलं? किती वाढवली?" तो नर्सकडे वळला आणि म्हणाला, रक्त फार पातळ झालं असणार, सुई सांभाळून लावा.

मी मधे गेले. "साहेब, वाढवली म्हणजे बंद केली. पोळ्यापासून एक गोळी खाल्ली नाई."

"पण त्या वाढवली म्हणतात."

"ती बांगड्या विकते, साहेब. तिच्याकडं बंद हा शब्द नाई."

त्यानं मला उडवून लावलं नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यानं मला सरळ सांगितलं. झडपेवर गाठ बसली असेल तर ती विरघळवायचं औषध आत्ता द्यावं लागेल. पण रक्त आधीच पातळ असेल आणि ते औषध गेलं, तर तेच तिला मारेल. तपासणीचं उत्तर यायला वेळ आहे, आणि तिच्याकडे किती वेळ आहे ते सांगता येत नाही. मग तो तिच्यावर वाकला. "मावशी, तुम्ही स्वतः सांगा. गोळी चालू होती की बंद?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला काय वाटत होतं ते मला ठाऊक होतं. हा शब्द तोंडातून निघाला की आतलं तेही तसंच होईल. ओठ हलायचे आणि मिटायचे.

मी म्हटलं, "पोरी, म्हण. तू म्हटल्यानं काही होत नाई. न म्हटल्यानं होते."

तिनं डोळे मिटले. "बंद," ती म्हणाली. "बंद केली."

नर्स सुई घेऊन आली तर हिची मूठ आवळलेली. शीर सापडेना. दोनदा टोचलं, वाया गेलं. मी तिची बोटं हातात घेतली, अंगठा आत मुडपला. "हात ढिल्ला सोड, माय," मी म्हटलं, "हा हात आता माहा आहे." त्या अवस्थेत तिच्या ओठाचा कोपरा हलला. हात सैल पडला आणि सुई गेली.

बाजारातून निरोप मिळून पहाटे नवरा पोचला. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यानं मला विचारायच्या आधी मी त्याला आत ढकललं आणि म्हटलं, "कान लावून पाह्य." तो खाटेवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. टिक परत आली होती. बाहेर येऊन तो म्हणाला, "झोपू नाई देणार आता."

त्या दिवशी आम्ही तिघांनी ठरवलं. बंदला बंद म्हणायचं. औषध असो, दुकान असो, काही असो.

तिनं ते शेवटपर्यंत पाळलं आणि त्यात धंद्याचं थोडं नुकसानही करून घेतलं. भर बाजारात ती म्हणायची, "फुटली वो माय, दुसरी घे." नव्या गिऱ्हाइकाचे डोळे विस्फारायचे, एखादी उठूनही जायची. संध्याकाळी पेटी बांधून ती मुद्दाम माझ्याकडे वळून मोठ्यानं ओरडायची, "बाई, दुकान बंद!" पलीकडचा मिरचीवाला कानावर हात ठेवायचा. हातावरचे डाग परत आले. गोळी नेमानं, रक्त महिन्याला, आंबाडी मूठभर. काच लागायची तेव्हा तुरटी दाबून बसायची, आणि ज्यांना उठायचं त्यांना उठू द्यायची. अशी बरीच वर्षं गेली. मोबाईल आले, प्लास्टिकच्या बांगड्या आल्या, माझी कंबर गेली, आणि आता पेटी कोण उचलणार यावर आमचं भांडण व्हायला लागलं.

मग एका बाजारी ती आली नाही.

दुपारी तिचा नवरा आला. सायकल हातात, पेटी नाही. माझ्यासमोर उभा राहिला. मी आंबाडीची तिची मूठ बाजूला काढून ठेवली होती, ती त्याला दिसली.

"बाई," तो म्हणाला, "तिनं दुकान वाढवलं. काल सकाळी. डोक्यात रक्त उतरलं म्हणे. गोळी घेत व्हती वो, रोज घेत व्हती."

मी म्हटलं, "भाऊ, नीट सांग. आपलं काय ठरलं होतं?"

त्यानं पोत्यापलीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"मले नाई म्हणता येत, बाई."

मग मीच म्हटलं.