पाच गोलांची ताई

ताईला यंत्रांचा मनस्वी राग होता, आणि तो उगाच नव्हता. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिची उमेदीची वर्षं गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी आणि दोन्ही हातांत वायरी. पलीकडचं माणूस नुसतं "अहो..." म्हणून अडखळलं, तरी फोन अपघात विभागात द्यायचा की बाळंतपणाच्या, हे तिला आवाजावरून कळायचं. मग भिंतीवर एक डबा बसला. अपघातासाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा. ताईला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. गुच्छ तिने इस्पितळाच्या दारातल्या कचराकुंडीत टाकला.

त्या संध्याकाळी धाकटा भाऊ जेवता जेवता म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम मुळात यंत्राचंच होतं. इतकी वर्षं ते माणसाकडून करून घेत होते, एवढंच."

त्याच्या मते हे सांत्वन होतं. ताईने त्याच्या पुढ्यातली भरलेली वाटी उचलली आणि सिंकमध्ये रिकामी केली. "बरं केलंस, पोट भरलंच होतं," असं म्हणून तो हात धुवायला गेला. आपल्यावर कुणी चिडलंय, हे कळायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

हा धाकटा कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायचा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि शिकून तो शहाणा झाला, हीच काय ती तिची चूक. लग्न त्याने केलं नाही. गरजच काय होती? घरात सगळं आयतं चाललं होतं. विद्यार्थी त्याला 'गोल सर' म्हणत, कारण फळ्यावर तो सतत गोल काढायचा. यंत्र म्हणजे लोखंड नव्हे, असं तो शिकवायचा. यंत्र म्हणजे मोजक्या अवस्था आणि मोजके इशारे. एका अवस्थेला एक गोल. अमुक इशारा आला की अमुक उत्तर द्यायचं आणि बाणावरून पुढच्या गोलात जायचं. कुणी जुना तत्त्वज्ञ म्हणे असं मानायचा, की कुत्रं विव्हळतं ते चाक करकरावं तसं, आत दुखणारं कुणी नसतंच. हे सांगताना गोल सर फार खुशीत असत.

ताईला त्याच्या विषयात काडीचा रस नव्हता. पण त्या वर्षी विभागाने प्रदर्शन भरवलं, घरच्यांना आमंत्रण दिलं, आणि ताई ठेवणीतले कपडे घालून गेली. कितीही राग असला तरी भाऊ आपला.

हॉलमध्ये एका टेबलापुढे चांगलीच रांग होती आणि हशा पिकत होता. पडद्यावर पाच गोल, त्यांच्यामध्ये बाण, समोर माइक. आपण काही बोललं की एक गोल उजळायचा आणि बाईचा आवाज उत्तर द्यायचा. ताईचा नंबर आला तेव्हा टेबलामागची विद्यार्थिनी उत्साहाने म्हणाली, "काकू, तुम्ही पण बोला ना. 'मी आलो' म्हणा."

"मी आले," ताई म्हणाली.

"उशीर केलास," यंत्र म्हणालं.

"आता 'डोकं दुखतंय' म्हणा."

"डोकं दुखतंय."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. दाखवून ये."

मागे लोक खदखदून हसले. ताईचे कान तापले. "आता 'निघालो' म्हणा काकू, ते सगळ्यात भारी आहे!"

ताई जेमतेम पुटपुटली. यंत्र म्हणालं, "किल्ली घेतलीस का?"

"आता नुसतं 'हं' म्हणायचं, की ती परत पहिल्या गोलात," मुलगी सांगत होती. "आमच्या सरांचं हे ठरलेलं उदाहरण आहे, ताई-यंत्र. दर वर्षी परीक्षेत येतं. ताईला पाचापेक्षा जास्त गोल लागत नाहीत, हे सिद्ध करा."

"आणि होतं सिद्ध?"

"सोप्पं आहे काकू! सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात."

ताईने तिला "छान केलंय" म्हटलं. त्या पोरीचा काय दोष? मग ती बसमध्ये बसली आणि घरापर्यंत ओठ चावत राहिली. किती वर्गांनी आपल्याला फळ्यावर काढलं, खोडलं, आपल्यावर हसून घेतलं, याचा हिशेबच नव्हता.

धाकटा घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "मी आलो."

ताई पायांत चपला सरकवत होती. तिची बॅग दारापाशी भरून ठेवलेली होती. बोर्डावर शेजारच्या खुर्चीत बसणारी तिची मैत्रीण एकटी राहायची आणि कधीपासून बोलावत होती.

"कुठे निघालीस?"

"माझ्यात पाचच गोल आहेत का रे?"

त्याचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच वर्गातला झाला. "ताई, ते उदाहरण आहे. मुलांना पटकन कळतं. आणि खरं सांगू का? तू त्या पाचाबाहेर काही बोलतच नाहीस. मी उगाच नाही काढलं. वर्षानुवर्षं बघतोय."

"बघतोयस?" ताईचा आवाज चढला. "दर मंगळवारी माझे केस ओले असतात. का असतात?"

त्याने खांदे उडवले. "धुतेस म्हणून."

"पोहायला जाते मी! पन्नाशी उलटल्यावर शिकले. आधी नाकातोंडात पाणी जायचं, आता सूर मारते. तलावावर सगळ्यांना ठाऊक आहे. तुला नाही. तू विचारलंस कधी? आलो, भूक लागली, घाई आहे, डोकं दुखतंय, निघालो. यापलीकडे एक शब्द बोललायस माझ्याशी? रोज तीच पाच बटणं दाबायची आणि वर सांगत सुटायचं, की हिच्यात पाचच दिवे आहेत! लाज वाटत नाही?"

"तू उगाच भावनेच्या भरात..."

"गप्प बस. एक संधी देते तुला. एक प्रश्न विचार मला. कुठलाही, फक्त आजवर न विचारलेला. विचारलास तर बॅग उघडते. नाहीतर चालले, ती कायमची."

धाकटा खरोखर विचारात पडला. कोडी सोडवणं हा त्याचा धंदाच होता. तो भिंतीकडे बघत राहिला, मग ताईकडे, मग स्वयंपाकघराकडे. ताईला वाटलं, विचारेल. पाण्याची भीती वाटली का, एवढं जरी विचारलं तरी चालेल. तिने श्वास धरून ठेवला होता, याचा तिला नंतर फार संताप आला.

"मग..." तो म्हणाला, "रात्रीच्या जेवणाचं काय?"

ताई मोठ्याने हसली. बॅग उचलून ती बाहेर पडली आणि जिना उतरू लागली.

"ताई, अगं ऐक तरी!" तो तसाच मोज्यांवर मागे धावला. वाऱ्याने दार धाडकन लागलं. दाराला लॅचचं कुलूप होतं. बाहेरून नुसतं ढकलून ते उघडत नसे.

ताई पायरीवर थांबली, पण वळली नाही. किल्ली घेतलीस का, हे शब्द सवयीने तिच्या जिभेवर आले होते. तिने ते गिळले. घराची दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

वर धाकट्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. मग कठड्यावरून वाकून, रडवेल्या आवाजात त्याने विचारलं, "ताई... किल्ली घेतलीस का?"

"हं," ताई म्हणाली आणि मागे न बघता खाली उतरून गेली.