काळी चारची आवृत्ती

दुकानाच्या दर्शनी काचेमागे एक पायपेटी होती आणि तिच्यापाशी दिवसभर एक बाई बसलेली असे. गिऱ्हाइकाने मांडणीवरून गाण्याचा कागद उचलला की ती विचारायची, "वाजवून दाखवू?" आणि उत्तर येण्याआधीच पायाने भाता मारू लागायची. धाकटा भाऊ तिला ताई म्हणत असे, म्हणून मालकांपासून हमालापर्यंत सगळेच तिला ताई म्हणत. मालक तिच्या वडिलांच्या वयाचे होते, तेही.

दुकानाच्या मागे छापखाना होता. तिथे गाण्याच्या कागदाला चौपानी म्हणत. पहिल्या पानावर रंगीत चित्र, आतल्या दोन पानांवर पाच रेघांवर मांडलेले सूर आणि त्यांखाली शब्द, शेवटच्या पानावर इतर गाण्यांची जाहिरात. लढाई सुरू झाली आणि कागद सरकारच्या हातात गेला. देशभक्तीच्या गाण्याला कागद मिळेल, बाकीच्यांनी वाट पाहावी, असा हुकूम निघाला. मालक हातपाय गाळून बसणारे नव्हते. लग्नातल्या पाठवणीच्या एका जुन्या गाण्याची चाल त्यांच्याकडे पडून होती. तिचा ठेका त्यांनी कूच करण्याजोगा करून घेतला. जिथे नवरी माहेर सोडत होती तिथे शिपाई घर सोडू लागला. चित्रकाराने जुन्याच चित्रातल्या नवरीच्या हातातली फुले पुसून तिथे निशाण काढले आणि तिला शिपायाची आई केले.

"वयाने लहान दिसते," तो म्हणाला.

"दारात उभी आहे ना? मग झालं," मालक म्हणाले. "लोक गाणार आहेत, तिची पत्रिका नाही बघणार."

गाणे विकायचे म्हणजे आधी ते लोकांच्या तोंडी बसवायचे. कारखान्यांच्या जेवणघरांत, सिनेमाच्या मध्यंतरात, भरतीच्या सभांत ताई वाजवायची आणि धाकटा गायचा. कडवे तो एकटा म्हणे, ध्रुपद दोनदा म्हणे, आणि तिसऱ्यांदा हात वर करून गप्प होई. तिथे लोकांनी उचलले तर गाणे चालले. "ओठावर आलं की खिशात गेलंच," असे मालकांचे म्हणणे. पहिल्या वर्षी सभागृहे पुरुषांनी भरलेली असत आणि तिसरे ध्रुपद छताला लागत असे. दाराशी दोन टेबले होती, एकावर चौपान्या, दुसऱ्यावर भरतीचे अर्ज. बरेच जण दोन्हीकडे थांबून जात.

ताईचा थोरला भाऊही थांबला होता. तो पहिल्याच हिवाळ्यात मारला गेला. वडील आधीच नव्हते. धाकट्याला मात्र भरतीतून सूट होती. प्रचाराच्या गाण्याला पुरुष गायक लागतो, असे मालकांनी प्रचार खात्याला लिहून दिले होते आणि खाते ती सूट थोड्या थोड्या मुदतीने वाढवून देत होते. थोरल्याची बातमी आली त्या आठवड्यात आईने ताईला सांगितले, "हा तरी राहू दे. तुझ्या हाताखाली आहे, तुझ्यावर सोपवलाय." पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

गाणे काळी एकमध्ये बांधलेले होते. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरला की साध्या पुरुषाचा आवाज कुठेही न ताणता फिरतो. बाईला तीच पट्टी खाली जाते. एक तर ती पुटपुटते, नाही तर एकदम वरच्या सप्तकात चढते आणि तिथे आवाज फाटतो. बायकांची पट्टी साधारण काळी चार. लढाईच्या तिसऱ्या वर्षी सभागृहांत बायका, म्हातारे आणि शाळकरी मुलेच उरली. धाकटा हात वर करून थांबला की नुसती कुजबुज ऐकू यायची. चौपान्यांचे गठ्ठे जसेच्या तसे परत येऊ लागले.

कारण ताईला पहिल्याच दिवशी कळले होते. पेटीवर बसणाऱ्याला ते न कळणे शक्यच नव्हते. पण पट्टी वर गेली की गाणे बायकांचे होणार, ते गायला बाई लागणार, आणि मग धाकट्याला सूट द्यायला आधार राहणार नव्हता. मालकांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, शब्द जड आहेत. मालकांनी कवीकडून हलके शब्द घेतले. मग ती म्हणाली, चित्र फिकट आहे. चित्र लाल झाले. पट्टी बदलण्याचे मालकांच्या मनात येण्याची भीती कमीच होती, कारण त्यात रेघांवरचा प्रत्येक सूर हलतो. छपाईच्या जस्ताच्या पाट्या पहिल्यापासून कराव्या लागतात आणि खात्याची परवानगीही नव्याने घ्यावी लागते.

शेवटी, गाणे मरते कुठे हे स्वतः पाहायला मालक एका दुपारी त्यांच्याबरोबर आले. शिपायांचे कपडे शिवणारा कारखाना होता. जेवणघरात लांब बाके, बायकांच्या केसांवर कापसाचा भुगा. धाकट्याने दोनदा ध्रुपद म्हटले, हात वर केला. कोणी उचलले नाही.

"काय रे, तू अजून इथेच?" पुढच्या बाकावरून मुकादमीण ओरडली. "आमच्या घरातले तिघं गेले तुझ्या गाण्यावर."

"मावशी, मी गेलो तर तुम्हाला गाऊन कोण दाखवणार?"

"गातोस कुठे तू! एवढं खाली धरतोस की आमचा आवाज विहिरीत पडतो."

"घसा उसवलाय वाटतं," मागून कोणी तरी म्हणाले. "आण इकडे, दोन टाके घालून देते."

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. मालक पेटीपाशी आले. "ताई, वर घेता येईल का हे?"

"चाल मरते," ताई म्हणाली. "किंचाळल्यासारखं होतं."

धाकटा हे ऐकत उभा होता. तो शूर नव्हता. थोरल्याच्या बातमीपासून टपालवाल्याची सायकल वाजली तरी तो मोरीत जाऊन बसायचा. पण लहानपणापासून त्याला टाळ्यांची सवय होती आणि गेले कित्येक महिने तो मेलेल्या खोल्यांसमोर गात होता. समोर शंभरेक बायका हसत होत्या, त्याच्याकडे बघत होत्या. त्याने ताईला खूण केली नाही, काही विचारले नाही. ध्रुपदाचा पहिला शब्द त्याने सरळ काळी चारमध्ये उचलला. पुरुषाच्या घशाला ती जागा अवघड. त्याच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या.

ताईची बोटे काळी एकवर होती. ती तिथेच राहिली असती तर गाणे आणि पेटी दोन दिशांना गेली असती, बायकांना आणखी हसू आले असते आणि मालकांना पटले असते की वर घेऊन चाल मरते. पण साथ करणाऱ्याचे हात गाणाऱ्याच्या मागे जातात. ओळ संपायच्या आत ते गेले होते.

तिसऱ्या ध्रुपदाला हात वर करण्याची गरजच पडली नाही. बाकांवर मुठी आपटत बायका गात होत्या. मुकादमीण रडत होती आणि गातही होती. बरोबर आणलेल्या चौपान्या संपल्या, तेव्हा मालक स्वतः गाडीतून उरलेला गठ्ठा आणायला धावले.

परतताना धाकटा बराच वेळ बडबडत होता. कोणती बाई कशी गायली, कोणी डोळा मारला. घरी गेल्यावर आईलाही तो हे सगळे सांगणार होता. मग त्याने विचारले, "ताई, सूट वाढवतील ना?"

"वाढवतील," ताई म्हणाली.

नव्या पाट्या झाल्या. चौपानीवर ठळक अक्षरांत छापले, 'स्त्रियांसाठी, काळी चार'. या आवृत्तीला पुरुष गायकाची आवश्यकता दिसत नाही, असे खात्याने दोन ओळींत कळवले. मालक स्वतः खात्यात गेले, साहेबांच्या खोलीबाहेर सगळी दुपार बसले आणि तोंड पाडून परत आले.

"माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं त्यांनी," ते म्हणाले. "पुरुष गायक हवा, कारण गाणं पुरुषांचं आहे. मीच लिहिलं होतं, ताई."

धाकट्याला न्यायला आले तेव्हा आईने त्याच्या पिशवीत गळ्याभोवती गुंडाळायचा मफलर घातला. "घसा सांभाळ," ती म्हणाली. तो हसला. म्हणाला, "आई, तिथे कोण ऐकतंय?"

सिनेमाच्या तिकीट खिडकीवरची एक मुलगी मालकांनी गायला आणली. गाणे कधी नव्हे इतके खपले. ज्यांच्या घरचे कोणी गेले होते अशा बायका चौपानी घेत आणि पेटी नसली तरी भिंतीला लावून ठेवत. ताई रोज वाजवत होती. आघाडीवरचे बर्फ वितळायला लागले तेव्हा धाकट्याची बातमी आली. त्याचा फोटो चौपानीवर घालू का, असे मालकांनी विचारले. ताई नाही म्हणाली. मालकांनी पुन्हा विचारले नाही, पगारही कापला नाही. तीही दुसऱ्या दिवसापासून कामावर होती. दुसरे काही तिला येत नव्हते, आणि दोन माणसांचे घर तिच्याच पगारावर चालत होते.

आई तिच्याशी बोलत असे. मीठ संपले, खिडकीची काच बसवून घे, इतपत. लढाई संपली, कागद मोकळा झाला, मालकांनी पाठवणीचे गाणे जुन्या शब्दांनी पुन्हा छापायला घेतले. त्या सुमारास एकदा जेवणानंतर ताई ताटे गोळा करत असताना आईने विचारले,

"त्या दिवशी कारखान्यात तू जुन्याच पट्टीत वाजवत राहिली असतीस तर काय झालं असतं?"

ताईने थोडा विचार केला. प्रश्न तिच्या कामातला होता आणि तिने उत्तरही कामातलेच दिले.

"तो बेसूर झाला असता."

"झाला असता," आई म्हणाली. तिने ताईच्या हातातली ताटे घेतली आणि ती मोरीकडे गेली.